कोयनेचे धक्के वाढलेत की आपल्याला जास्त कळायला लागलेत? आमच्या घराच्या निमित्ताने केलेला हिशोब

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गावाला दोनदा हादरलं. एकदा भर दुपारी, एकदा पहाटे. दोन्ही रिश्टर मापावर तीनच्या आतबाहेरचे, पाटण तालुक्यातली माणसं अशा धक्क्याला नुसतं एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण पहिल्या धक्क्याची बातमी थोड्याच वेळात कोपरखैरण्याला दादाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर पोचली, त्याने भावकीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, त्याखाली कुणीतरी तुर्कस्तानातल्या पडलेल्या इमारतींचा व्हिडिओ टाकला, आणि दुसरा धक्का बसल्यावर तर ग्रुपवर "आता मोठा येणार" हे ठरूनच गेलं. रात्री दादाचा मला फोन. "अगं, घराचं काम थांबवूया. भूकंप फार वाढलेत. एवढे पैसे मातीत घालायचे का? तात्या-काकूंना इकडेच घेऊन येतो."

आता हे घर म्हणजे काय ते आधी सांगते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर कौलं, मागची खोली १९६७ च्या भूकंपानंतर पुन्हा उभी केलेली. ते पाडून तिथे खाली तीन खोल्या आणि वर एक असं आरसीसी घर बांधायचं ठरलं होतं, इंजिनिअरने नकाशा दिलेला, तुळशीच्या लग्नानंतर पाया खणायचा होता. तात्या आणि काकू दोघंच तिथे राहतात आणि दोघांचीही कोपरखैरण्याच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसायची अजिबात तयारी नाही. दादाचा जीव तुटतो, तेही खोटं नाही. मी कराडला शाळेत विज्ञान शिकवते म्हणून सगळ्यांचं म्हणणं पडलं की तू बघ आणि सांग, भूकंप खरंच वाढलेत का. मला वाटलं एका संध्याकाळचं काम आहे, त्यात पाच-सहा रविवार गेले. जे हाती लागलं ते नीट लिहून ठेवतेय, कारण हाच प्रश्न दर पावसाळ्यानंतर आमच्या भागात परत परत येतो.

सुरुवात आबांच्या वहीपासून केली. आबा, म्हणजे माझे आजोबा, धरणाच्या कामावर मस्टर लिहायचे, त्यामुळे जे घडलं ते तारीख-वेळेसकट लिहायचं ही त्यांची सवय. १९६७ च्या भूकंपानंतर त्यांनी एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही केली आणि जो धक्का स्वतःला जाणवला तो लिहायला लागले. ओळी अगदी छोट्या. तारीख, वेळ, आणि पुढे "भांडी वाजली" किंवा "नुसतं गडगडलं" किंवा "कौल सरकलं". रिश्टर वगैरे काही नाही. मोठा असेल तर "बाहेर आलो" असं लिहिलेलं, आणि आमच्या घरात "बाहेर आलो"चा धक्का ही आजही एक वेगळी जात आहे, म्हणजे काकू सांगतानाच सांगते, "बाहेर आलो नाही, पण भांडी वाजली."

ती वही मी आधी भक्तिभावाने वाचली आणि मग तिच्यातली गोम लक्षात आली. एका ठिकाणी कित्येक महिने काहीच नाही, सरळ पुढच्या वर्षीची तारीख. मी तात्यांना विचारलं, तेव्हा जमीन शांत होती का? तात्या म्हणाले, "शांत कसली, आबा डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला होते, मग तिकडंच राहिले आत्याकडं." म्हणजे वहीतली शांतता ही आबा गावात नसल्याची. जमिनीचा त्यात काही संबंध नाही. तसंच पहाटेचे धक्के फार आणि सकाळी दहा ते पाचचे फार कमी. जमीन काही घड्याळ बघून हलत नाही, आबा पहाटे अंथरुणावर स्थिर पडलेले असायचे आणि दिवसा कामावर चालते-फिरते. बसलेल्या-झोपलेल्या माणसाला जो हादरा कळतो तो चालणाऱ्याला कळत नाही.

भूकंप मोजण्याची सगळी अडचण या एका वहीत आहे. कुठल्याही यादीत "किती भूकंप झाले" हे नसतंच, "किती नोंदले गेले" एवढंच असतं, मग ती आबांची वही असो की दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी. आबांच्या जागी यंत्र आलं की ते दिवसरात्र जागं असतं आणि त्याला बारीकसारीकही कळतं, पण त्यालाही काहीतरी मर्यादा असतेच, आणि ती मर्यादा वर्षानुवर्षं खाली येत गेलीय.

मग दादाच्या प्रश्नाचे मी तीन तुकडे केले. धरणाच्या आधी आणि नंतर काही खरोखर बदललं का? वारणेचं धरण झाल्यावर काही बदललं का? आणि आता, गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढतंय का? तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आली, म्हणूनच एका वाक्यात "वाढलेत" किंवा "नाही वाढले" म्हणणारा माणूस मला आता पटत नाही.

पहिला तुकडा. शिवसागरमध्ये, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी भरायला लागलं ते साधारण १९६२ पासून. धरण १०३ मीटर उंच, आणि त्या वेळी साठा जवळजवळ ९९ टीएमसी (अब्ज घनफूट), दारं उंचावल्यावर आता १०५. पाणी भरायला लागल्यावर थोड्याच काळात आसपासच्या गावांना हादरे जाणवायला लागले आणि सोबत जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज. प्रकल्पाचं काम चालू असल्याने आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आधी सुरुंगच वाटले, आबा स्वतः सांगायचे की कामावर असून मी फसलो. १९६३ मध्ये धरणाच्या आजूबाजूला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भूकंपमापक यंत्रं बसली. त्याआधी सगळ्यात जवळची यंत्रं होती ती पुण्या-मुंबईकडे.

इथे शंका घेणारा माणूस म्हणेल, बघा, यंत्रं बसली आणि भूकंप "सापडले", म्हणजे ते आधीही असतील. शंका रास्त आहे. छोट्या धक्क्यांपुरती ती पूर्णपणे खोडताही येत नाही, १९६२ च्या आधी इथे दीड-दोनचे धक्के बसत असतील तर ते टिपायला इथे कुणीच नव्हतं. पण चार-पाचच्या धक्क्यांचं तसं नाही. एवढा धक्का असता तर पुण्या-मुंबईच्या यंत्रांवर उमटला असता, आणि यंत्र राहू दे, खोऱ्यातल्या प्रत्येक घराला कळला असता, त्याच्या गोष्टी राहिल्या असत्या. आमच्याकडे साथीच्या, पुराच्या, वाघाच्या गोष्टी आहेत, पण धरणाआधीच्या धरणीकंपाची एकही गोष्ट मी ऐकलेली नाही. तज्ज्ञही या भागाला त्या काळी स्थिरच समजत होते, दख्खनच्या जाड काळ्या कातळाखाली काही हलत नाही असा समज होता. धरणाचा आराखडा करताना धरलेला भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट होता.

मग १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या पुढचा धक्का बसला आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो मोठा, ६.३ चा. सुमारे १८० माणसं गेली, हजारावर जखमी, कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, मुंबईची वीज गेली. धरणातच बसवलेल्या यंत्रावर ०.६३ पर्यंतचा जोर नोंदला गेला, म्हणजे धरलेल्यापेक्षा बारा पटीहून जास्त, आणि तरी धरण उभं राहिलं, वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या ज्या नंतर बुजवल्या आणि मागून काँक्रीटचा आधार देऊन भिंत मजबूत केली. (आबांच्या वहीत हा भूकंप नाहीये. वहीच त्याच्यानंतरची. पहिल्या पानावर फक्त धाकट्या आत्याचं नाव आहे आणि खाली रेघ.)

थोडक्यात, १९६२ नंतर इथे भूकंप खरोखर वाढले. नुसते जास्त कळायला लागले असं नाही, वाढलेच. कारणही आता बऱ्यापैकी कळलंय. इथल्या खडकात जुन्या भेगा आहेत, त्या आधीच ताणलेल्या होत्या, निसटायच्या बेताला आलेल्या. जलाशयाचं वजन वर आलं हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भेगांतून खाली झिरपतं आणि खोल खडकातल्या छिद्रांमधला दाब वाढतो, त्या दाबाने भेगेच्या दोन बाजू एकमेकींना जेवढ्या घट्ट धरून असतात ती पकड सैल होते आणि बाजू सरकते. ताण धरणाने निर्माण केला नाही, तो होताच, धरणाने त्याला निमित्त दिलं. म्हणून कोयना हे जगभरात अभ्यासाचं ठिकाण झालं. हर्ष गुप्तांसारख्या शास्त्रज्ञांनी तर आयुष्यातली कित्येक वर्षं या एका खोऱ्याला दिली. त्यांच्या कामातून निघालेली एक गोष्ट आमच्यासारख्यांनी पाठ करावी अशी आहे, की पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेगाने चढतंय, आधीच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या पुढे जातंय का आणि वर किती दिवस टिकतंय याला जास्त महत्त्व आहे.

दादाच्या फोनमधली एक चूक मला इथेच सापडली. तो म्हणत होता की उन्हाळ्यात एकही नव्हता आणि आता आठवड्यात दोन. पण इथले धक्के पावसाळ्यात पाणी चढल्यावर आणि त्यानंतरच्या महिन्यांत वाढतात, डिसेंबरपर्यंत एक जोर असतो, पुढे पाणी उतरताना फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुन्हा थोडे. ऑक्टोबरची तुलना मे महिन्याशी केली तर दरवर्षी भूकंप "वाढलेले"च दिसणार. ऑक्टोबर ताडून बघायचा तो मागच्या दहा ऑक्टोबरांशी.

दुसरा तुकडा मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन बसला, कारण तिथे वही आणि इतिहास एकमेकांत अडकलेत. आबांच्या वहीत १९९३ च्या शेवटी एकदम गर्दी आहे. आधी महिन्याला एखाददुसरी ओळ, आणि ऑक्टोबरपासून पानामागून पान. आता १९९३ म्हटलं की महाराष्ट्राला एकच आठवतं, किल्लारी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा धक्का, लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं गेली, सरकारी आकडा साडेसात हजारांच्या वर. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, त्याखाली माणसं झोपेतच गाडली गेली. त्या बातम्या, ते फोटो बघितल्यावर महाराष्ट्रात कोण शांत झोपलं असेल? आमचं कुटुंब महिनाभर अंगणात झोपलं, हे मला स्वतःला आठवतं, मी लहान होते, आजीने उशाशी कंदील ठेवलेला असायचा आणि कुत्रं भुंकलं तरी सगळे उठून बसायचे. अशा माणसाच्या वहीत ओळी वाढणारच. मी ठरवूनच टाकलं होतं की ही वाढ भीतीची आहे.

पण ते चूक निघालं, निदान अर्धं चूक. वारणेच्या धरणात १९८५ पासून पाणी साठायला लागलं होतं, ते कोयनेच्या दक्षिणेला, फार लांब नाही. १९९३ च्या सुमाराला ते बरंच वरपर्यंत भरलं, आणि वारणेच्या बाजूचे धक्के वाढायला लागले ते ऑगस्ट १९९३ मध्ये, किल्लारीच्या आधी. ८ डिसेंबर १९९३ ला तिथे पाचच्या वरचा धक्का बसला, १ फेब्रुवारी १९९४ ला आणखी एक. हे वाचल्यावर मी वही परत उघडली. ऑगस्टच्या शेवटी खरंच दोन ओळी आहेत, एकीपुढे "बाहेर आलो". किल्लारी व्हायला अजून महिना होता, आबांना घाबरायचं काही कारण नव्हतं. म्हणजे ऑक्टोबरनंतरच्या पानांमध्ये दोन गोष्टी मिसळल्यात, धक्के खरंच वाढले होते आणि आबाही अंगणात, जमिनीला पाठ लावून, कान देऊन झोपत होते. नुसत्या वहीवरून यातलं किती जमिनीचं आणि किती आबांचं हे कधीच वेगळं करता आलं नसतं. यंत्रं होती म्हणून करता आलं.

आता तिसरा तुकडा, दादाचा खरा प्रश्न. आत्ता वाढतंय का?

इथे आधी एक गणित समजून घ्यायला लागतं, मी ते नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवते. जगात कुठेही बघा, भूकंपाचं माप एकने खाली आलं की त्यांची संख्या साधारण दहापट होते. एखाद्या भागात चारच्या वरचा एक बसला त्या काळात तीनच्या वरचे साधारण दहा, दोनच्या वरचे शंभर, एकच्या वरचे हजार. आता समजा तुमच्या जुन्या यंत्रांना फक्त तीनच्या वरचे नीट पकडता येत होते आणि नवीन यंत्रं दोनपर्यंतचे पकडतात, तर जमिनीत काडीचाही बदल न होता तुमच्या यादीतले भूकंप दहापट होतात. बातमी देणाऱ्याने "भूकंपांच्या संख्येत दहापट वाढ" असं छापलं तर आकडा खरा आणि अर्थ चुकीचा.

कोयनेत नेमकं तेच घडत आलंय. १९६३ ची मोजकी कागदावर रेघ मारणारी यंत्रं, मग हळूहळू जास्त केंद्रं, २००५ पासून हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेचं डिजिटल जाळं, आणि पुढे तर कराडजवळ हजारमाचीला पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळाच आली जी खोल विहिरी खोदून भूकंपाचा अभ्यास करते. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीच्या विहिरी घेतल्या आणि त्यात भूकंपमापक सोडले, मग गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विहीर घेतली, २०१७ मध्ये ती पुरी झाली. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ आणि त्याच्याखाली ग्रॅनाइट. जमिनीवर वारा असतो, ट्रक जातात, गुरं चालतात, या सगळ्याची कुजबुज यंत्राला ऐकू येते आणि तिच्यात बारीक धक्के हरवून जातात. खाली ग्रॅनाइटमध्ये ती कुजबुज नसते, त्यामुळे माणसाला कधीच जाणवणार नाहीत असे, शून्याच्या आसपासचे धक्केही टिपता येतात. देशभरातही तसंच, राष्ट्रीय केंद्राची २०१४ मध्ये ८० च्या आसपास केंद्रं होती ती आता दीडशेच्या वर गेलीत. आणि हे सगळं काही मिनिटांत मोबाइलवर.

म्हणून कुठलाही "वाढलेत"चा दावा तपासायचा तर फक्त एवढे मोठे भूकंप मोजायचे जे जुन्या काळातल्या यंत्रांकडूनही सुटले नसते. कोयना-वारणेसाठी मी पाच धरला. १९६७ पासून आजपर्यंत या साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब पट्ट्यात पाच किंवा वरचे बावीसच्या आसपास भूकंप झाले, चार किंवा वरचे दोनशेहून जास्त, आणि त्याहून छोटे हजारोंनी. हा पट्टा अजिबात शांत नाही. पण हे पाचवाले कसे विखुरलेत ते बघा. १९६७, मग मध्ये मोठी-छोटी अंतरं, १९९३-९४ ची जोडी, २००० मध्ये मार्चला एक आणि सप्टेंबरला एक, २००५ च्या मार्चमध्ये, आणि डिसेंबर २००९ मध्ये. त्यानंतर पाचचा नाही. एप्रिल २०१२ चा ४.९ होता, तो पुण्या-मुंबईतही जाणवला होता. म्हणजे ज्या वर्षांत ग्रुपवर सगळ्यात जास्त आरडाओरड झाली, आणि यंत्रांवर सगळ्यात जास्त बारीक धक्के दिसले, त्याच वर्षांत मोठे धक्के उलट विरळ झालेत. दादाला मी हेच सांगितलं, की तुझ्या मोबाइलवर वाढलेत, खोऱ्यात वाढलेले दिसत नाहीत.

तो लगेच म्हणाला, "म्हणजे आता धोका नाही?" आणि इथे मला त्याला थांबवावं लागलं, कारण ते तर मी म्हटलंच नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं पाचचा आला नाही याचा अर्थ येणार नाही असा होत नाही, याआधीही इथे बरीच मोठी अंतरं पडलीत. आणि आमच्याकडे पारावर नेहमी बोललं जातं ते, की "छोटे धक्के बसतायत ते बरंय, जमिनीतला जोर निघून जातो," तेही खरं नाही. माप एकने वाढलं की ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे १९६७ च्या ६.३ एवढा जोर तीनच्या धक्क्यांनी बाहेर काढायचा तर तसे जवळजवळ नव्वद हजार लागतील. छोटे धक्के त्या हिशोबात चिल्लर आहेत, त्यांनी ना धोका वाढतो ना उतरतो असं धरून चालावं.

जगाचंही दादाने विचारलं, तुर्कस्तान, नेपाळ, म्यानमार, सगळीकडे चाललंय म्हणून. थोडक्यात सांगते. सातच्या वरचे भूकंप जगात वर्षाला सरासरी सोळाच्या आसपास होतात. २०१० मध्ये ते २३ झाले, १९८९ मध्ये जेमतेम सहा-सात. असं वरखाली होतच राहतं. २०१०-११ च्या सुमाराला हैती, चिली, जपान असे ओळीने झाले तेव्हा हीच शंका शास्त्रज्ञांनाही आली होती, त्यांनी शंभरेक वर्षांची यादी घेऊन तपासलं आणि निघालं की एवढे घोळके निव्वळ योगायोगानेही पडतात. एकूण नोंदी मात्र प्रचंड वाढल्यात, कारण १९३१ मध्ये जगात भूकंपाची साधारण ३५० केंद्रं होती आणि आज हजारोंनी आहेत.

उलट बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर लोक समजतील की "वाढलेत" ही नेहमीच अफवा असते. एखाद्या छोट्या भागात ते खरोखर वाढतात. भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये वाढले होते, ४.९ पर्यंत गेले. पालघरला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून रांगच लागली, धुंदलवाडीची माणसं थंडीत तंबूत झोपत होती, तिथे कुणी जाऊन "तुम्हाला फक्त जास्त कळतंय" म्हणालं असतं तर तो त्या माणसांचा अपमान होता. तिथे यंत्रं नंतर जास्त बसवली म्हणून नोंदी आणखी वाढल्या हे खरं, पण रांग त्याआधीची, माणसांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेली. आणि किल्लारीलाही १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धक्के जाणवत होते, चारच्या जवळपासचेही. लोकांनी ते सांगितले होते. त्यामुळे गावातला माणूस "वाढलंय" म्हणतो तेव्हा त्याला हसायचं नाही, तारीख, वेळ, ठिकाण विचारून लिहून घ्यायचं आणि मग ताडून बघायचं. यादी दोन्हीकडून तपासायची.

शेवटी घराचं. मी दादाला म्हटलं, धक्के वाढले नाहीत म्हणून घर बांध असं माझं म्हणणं नाही, आणि वाढले असते म्हणून बांधू नको असंही म्हटलं नसतं. आत्ता तात्या-काकू ज्या घरात झोपतात ते बघ. मागच्या खोलीची भिंत मी टॉर्च घेऊन बघितली, दगडाचे दोन पदर आहेत, बाहेरचा एक आणि आतला एक, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या, दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड हाताला एकही लागला नाही. कोपऱ्यात तर बोट जाईल एवढी फट आहे, आणि बाहेरच्या पदराला मधोमध पोट सुटलंय. किल्लारीत ज्या भिंतींनी माणसं मारली त्या अशाच होत्या. काम थांबवायचं म्हणजे दोन म्हाताऱ्या माणसांना याच भिंतीच्या आधाराने आणखी दोन-चार वर्षं ठेवायचं. १९७० मध्ये देशाचा भूकंपाचा नकाशा बदलला तेव्हा आपला भाग झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात, धरला गेला, हे इंजिनिअरला माहीत आहे का आणि त्याने स्टील त्या हिशोबाने धरलंय का, हे विचार.

ते विचारल्यावर बरंच निघालं. नकाशात खाली पुढची बाजू दुकानासाठी मोकळी ठेवलेली, नुसते कॉलम, आणि वरच्या खोलीच्या भिंती भरलेल्या. दुसऱ्या इंजिनिअरला दाखवलं, तो म्हणाला असं घर खालच्या मजल्यातच मोडतं. आता पुढच्या बाजूला दोन भिंती घेतल्यात, वरची खोली रद्द झाली, जोत्याला आणि लिंटेलला सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी आली, कॉलमच्या रिंगा जवळजवळ घेतल्या आणि त्यांची टोकं आत वळवायची हे दादाने स्वतः उभं राहून बघायचं ठरलं. खर्च थोडा वाढला, वरची खोली गेल्यामुळे तो बराचसा भरूनही निघाला. तात्या-काकू काम होईपर्यंत शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतायत, मागच्या खोलीला कुलूप आहे.

वही आता तात्यांकडे आहे. मी तिच्यात दोन रकाने वाढवून दिले, एक यंत्राचा आकडा लिहायला आणि एक, आपण कुठे होतो आणि काय करत होतो ते लिहायला. परवा त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. पहाटे पाच दहा. भांडी नाही, पत्रा वाजला. यंत्र २.९. शेडमध्ये, जागा होतो.